नोकरी सोडताना गैरप्रकार सांगणं

राजीनामा दिलेला माणूस कंपनीत बघितलेले गैरप्रकार, म्हणजे खोटी बिलं, फिरवलेले रेकॉर्ड, वेंडरकडून खाल्लेलं कमिशन, लैंगिक छळ, हे जाताना सांगायला कितपत तयार असतो हा एचआरमधला जुना प्रश्न आहे. त्यासाठी एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे जाणाऱ्या माणसाशी एचआरची शेवटची मुलाखत, असतो, जो बऱ्याच ठिकाणी शेवटच्या एकदोन दिवसांत उरकून टाकतात.

वरवर वाटतं की निघालेल्या माणसाला कसली भीती, बॉस आता काय वाकडं करणार. पण नेमकं तेव्हाच रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर आणि फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे, पैसे अडकलेले असतात, पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी जुन्याच एचआरला मेल टाकते आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तोच मॅनेजर कधीकधी क्लिअरन्सवर सही करणारा असतो, मग लोक सोडण्याचं कारण "बेटर ऑपॉर्च्युनिटी" लिहून मोकळे होतात. याला भित्रेपणा म्हणणं साफ अन्यायाचं आहे. त्यात आधी तक्रार करून काहीच झालं नाही हे ज्याने बघितलंय तो परत कशाला तोंड उघडेल?

रॅनबॅक्सी या औषध कंपनीतले दिनेश ठाकूर यांचं उदाहरण इथे महत्त्वाचं. औषधांच्या चाचण्यांचा डेटा खोटा असल्याचं त्यांनी आधी कंपनीच्या आतच मांडलं होतं, तिथे काही हललं नाही, २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्यानंतर अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेला, कळवलं. २०१३ मध्ये कंपनीने तिथे गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. म्हणजे मधे आठ वर्षं गेली, आणि औषधं तर लोक घेतच होते.

खरं ऐकायचं असेल तर हिशोब पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी, कंपनीबाहेरच्या माणसामार्फत आणि थेट प्रश्न विचारून ऐकावं लागतं, "काही सांगायचंय का" एवढ्याने कोणी बोलत नाही.

कायद्याचा आधार तोकडाच आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मध्ये लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते पण त्यात शब्द "संचालक आणि कर्मचारी" असे आहेत, माजी कर्मचाऱ्याचा उल्लेख नाही. पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, मात्र पीडित महिला त्या ठिकाणी नोकरीला असो वा नसो तक्रार करू शकते, फक्त मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची आहे, तक्रार ऐकणारी समिती लेखी कारण देऊन ती अजून तीन महिने वाढवू शकते. त्यामुळे ९० दिवसांचा नोटीस पिरियड संपेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं तर मूळ मुदत त्यातच निघून जाऊ शकते.