नाशिकमध्ये रस्ते आणि पुलांची सरकारी कामं घ्यायची आहेत? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

सिंहस्थ जवळ आला की नाशिकात रस्ते-पुलांच्या निविदांचा पाऊस पडतो. या खेपेला ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडचे तरुण ठेकेदार सारखे विचारतात, "कॉलनीतले रस्ते, गटारी, मोऱ्या करतोय, आता महामार्गाचं नाहीतर पुलाचं काम कसं घ्यायचं?" पैसा आणि यंत्रसामग्री लागतेच. पण दर बरोबर असूनही अनेकांची निविदा पहिल्याच, म्हणजे तांत्रिक कागदांच्या लिफाफ्यात बाद होते, ती कागदांमुळे. म्हणून इथे कागदांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

काम नेमकं कोणाचं?

राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, शहरातले रस्ते महापालिकेकडे. राष्ट्रीय महामार्गांची कामं भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण काढतं किंवा बांधकाम विभागाचीच राष्ट्रीय महामार्ग शाखा. समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला.

बांधकाम विभागाच्या कामाला वर्गनिहाय नोंदणी लागते. प्राधिकरणाच्या आणि महामंडळाच्या मोठ्या कामांत अशी वर्गवारी नसते, तिथे त्या-त्या निविदेतली अनुभवाची आणि उलाढालीची अट बघतात. नव्या माणसाला तिथे शिरकाव मिळतो तो उपकंत्राटदार म्हणूनच. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या कंपनीकडून तोंडी बोलीवर किंवा नुसत्या त्यांच्या वर्क ऑर्डरवर केलेल्या कामाचा अनुभव पुढे सहसा धरत नाहीत. उपकंत्राटदार म्हणून तुम्हाला मूळ यंत्रणेची लेखी मंजुरी हवी आणि काम केल्याचा दाखलाही तिच्याच सहीचा हवा. काम सुरू व्हायच्या आधी हे मागितलं नाही, तर नंतर कोणी देत नाही.

नोंदणी

बांधकाम विभागाची नोंदणी वर्गांत होते आणि प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येतं, याची मर्यादा असते. लहान वर्गांची नोंदणी कार्यकारी अभियंत्याकडे, मधल्या वर्गांची अधीक्षक अभियंत्याकडे आणि मोठ्या वर्गांची त्याहून वर होते. मर्यादा शासन निर्णयाने बदलत राहतात. म्हणून मित्राच्या जुन्या नोंदणी दाखल्यावरून वर्ग ठरवू नका, बांधकाम विभागाच्या मंडळ कार्यालयातून चालू तक्ता घ्या.

स्थापत्यची पदवी किंवा पदविका घेऊन नोकरीत नसलेल्यांसाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी नोंदणी आहे. लहान कामांचा ठरावीक हिस्सा या अभियंत्यांना, एक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेला खुल्या ठेकेदारांना जातो. काम वाटप समिती हे वाटप करते. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या अभियंत्याने हाच दरवाजा आधी ठोठवावा. कोणाच्या लायसनवर टक्केवारी देऊन काम केलं तर कष्ट तुमचे आणि अनुभव दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

अर्जासोबत पॅन, आधार, जीएसटी नोंदणी, भागीदारी असेल तर नोंदणीकृत भागीदारीपत्र, कंपनी असेल तर स्थापनेची कागदपत्रं. आयकर विवरणपत्रं आणि सीएने प्रमाणित केलेले ताळेबंद. बँकेचं ऐपत प्रमाणपत्र, ज्याला सगळे सॉल्व्हन्सीच म्हणतात; ते ज्या रकमेचं आणि ज्या मुदतीतलं मागितलंय तसंच हवं. केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी आणि मालकीचे पुरावे, तांत्रिक कर्मचाऱ्यांची पदवी-पदविका प्रमाणपत्रं आणि नेमणूकपत्रं, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, चारित्र्य पडताळणी. सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो बंधनकारक आहे.

या ढिगात सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. पॅनवर "श्री साई कन्स्ट्रक्शन", जीएसटीवर "श्री साई कन्स्ट्रक्शन्स" आणि कामाच्या दाखल्यावर नुसतं मालकाचं नाव. माणूस तोच आहे हे साहेबांनाही कळतं, पण ते त्यांनी फायलीवर कशाच्या आधारावर लिहायचं? अर्ज करण्याआधी सगळी नावं एक करून घ्या.

पात्रता: समान स्वरूपाचं काम आणि निविदा क्षमता

मोठ्या निविदेत दोन गोष्टींवर माणूस तरतो किंवा बुडतो.

पहिली, समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनांनुसार सर्वसाधारण चौकट अशी: मागच्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्के रकमेची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, शिवाय तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान ३० टक्के. प्रत्येक यंत्रणा आपल्या निविदेत यात फेरफार करते, म्हणून शेवटचा शब्द निविदा पुस्तिकेचा.

रस्त्याच्या कामात हे तुलनेनं सोपं. पुलाचं तसं नाही. पुलाच्या निविदेत नुसती रक्कम बघत नाहीत. पुलाची लांबी किती, गाळा (दोन खांबांमधलं अंतर) किती मीटरचा, पाया उघडा की पाईलचा की विहिरीचा, वरचं बांधकाम साध्या आरसीसीचं की पूर्वताणित काँक्रीटचं, हे विचारतात. तुम्ही एखाद्या ओढ्यावर चांगला पूल बांधलात आणि दाखल्यावर एवढंच आलं की "रस्ता सुधारणा करणे व मोरी बांधणे, काम समाधानकारक", तर तो दाखला पुढच्या पुलाच्या निविदेत उपयोगाचा नाही. दाखल्यात कामाचं पूर्ण नाव, करारनामा क्रमांक, निविदा रक्कम आणि प्रत्यक्ष झालेलं काम, सुरू केल्याची आणि पूर्ण केल्याची तारीख, मुदतवाढ घेतली असेल तर तिचा उल्लेख, गाळ्यांची संख्या आणि लांबी, पायाचा प्रकार, महत्त्वाच्या बाबींची परिमाणं (काँक्रीट किती घनमीटर, लोखंड किती टन), आणि शेवटी कार्यकारी अभियंत्याची सही, शिक्का, जावक क्रमांक. अंतिम देयक निघतं तेव्हा शाखा अभियंत्याकडे मोजमाप पुस्तक उघडंच असतं, तेव्हाच हा मसुदा त्यांच्यापुढे ठेवा. दोन वर्षांनी अभियंता बदलून गेल्यावर तीच माहिती काढायला महिने जातात.

ही अट कडक का, हा प्रश्न मला पडत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात कोसळला आणि गाड्यांसकट माणसं वाहून गेली. पुलाचा पाया कोणी आणि कसा घातला हे विचारणं यंत्रणेचं कामच आहे.

दुसरी गोष्ट, निविदा क्षमता. सूत्र असं: (अ × न × २) − ब. 'अ' म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षात केलेल्या कामाची सर्वाधिक रक्कम, चालू किमतीवर आणलेली. 'न' म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांत. 'ब' म्हणजे त्या मुदतीत हातातल्या कामांपैकी करायचं शिल्लक काम. काही केंद्रीय निविदांत २ ऐवजी २.५ धरतात. समजा तुमचं सर्वोत्तम वर्ष ८ कोटींचं, नवं काम १८ महिन्यांचं आणि हातात १४ कोटींचं काम शिल्लक. मग ८ × १.५ × २ = २४, वजा १४, म्हणजे क्षमता १० कोटी. अकरा कोटींची निविदा भरलीत तर दर कितीही कमी असो, बाद.

'न' काढताना मुदत "पावसाळ्यासह" आहे की "पावसाळा वगळून", हे नीट वाचा. आपल्या जिल्ह्यात याला फार महत्त्व आहे. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जूनपासून नदीपात्रात उतरता येत नाही, आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीतलं काम हातचं जातं. बारा महिने पावसाळ्यासह म्हणजे पायाच्या कामाला खरे सात-आठ महिने. हातातली कामं लपवून 'ब' कमी दाखवणारे असतात. ते सापडतं, आणि सापडलं की बयाणा (निविदेसोबत भरलेली अनामत) जप्त होऊन नाव काळ्या यादीत जाऊ शकतं.

यंत्रसामग्री आणि चाचण्या

डांबरी कामाला हॉट मिक्स प्लांट, पेव्हर, रोलर; काँक्रीटला बॅचिंग प्लांट. मालकीचे नसतील तर भाडेकरार चालतो का आणि प्लांट कामापासून किती अंतरात हवा, हे निविदेत दिलेलं असतं. भाड्याच्या प्लांटचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र चालू मुदतीचं आहे ना, बघा. साहित्याच्या चाचण्यांसाठी नाशिककरांना दिंडोरी रोडची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जवळ आहे.

महाटेंडर्सवर निविदा भरताना

महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर नावनोंदणी आणि तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही लागते. दुसऱ्या वर्गाची सही १ जानेवारी २०२१ पासून मिळत नाही. ही सही ज्यात असते ते डोंगल स्वतःजवळ ठेवा. ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली सही म्हणजे कोऱ्या चेकवर केलेली सही.

पहिला लिफाफा तांत्रिक, दुसरा दराचा. बी-१ नमुन्यात अंदाजित किमतीवर टक्के जास्त की कमी एवढं सांगायचं, बी-२ मध्ये बाबनिहाय दर भरायचे. बी-१ च्या दरपत्रकात "जास्त" आणि "कमी" निवडण्याचा एक छोटा खाना असतो. बारा टक्के कमी म्हणायचं आणि तिथे "जास्त" तसंच राहिलं, की काम गेलं. दरपत्रकाच्या फाइलचं नाव बदलू नका, फक्त निळे खाने भरा.

बयाणा आणि निविदा फी ऑनलाइन भरायची असते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरणार असाल तर चलन दोन दिवस आधी काढा, कारण पैसे खात्यातून गेले तरी संकेतस्थळावर जमा दिसायला वेळ लागतो. सूक्ष्म-लघु उद्योगाची उद्यम नोंदणी जोडली की बयाणा माफ, असं अनेकांना वाटतं. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं केंद्राचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकाम कंत्राटांना ते लागू नाही. निविदेत सूट स्पष्ट दिली नसेल तर बयाणा भराच.

शुद्धिपत्रक निघालं का, हे शेवटच्या दिवसापर्यंत रोज पाहा. मागितलं असेल तर सही करून पहिल्या लिफाफ्यात जोडा. मुदतीआधी निविदा दुरुस्त करून पुन्हा सादर करता येते. पण "विथड्रॉ" दाबलंत तर त्या निविदेत परत येता येत नाही. भागीदारीत भरताना संयुक्त उपक्रमाचा करारनामा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० चा मुद्रांक आला आहे, जुना नमुना तसाच छापू नका.

दर फार खाली नेला की अतिरिक्त सुरक्षा ठेव द्यावी लागते, ती मुदतीत दिली नाही तर बयाणा जातो. पंचवीस-तीस टक्के कमी दराने काम घेऊन डांबर आणि लोखंड वाचवायला निघालेला ठेकेदार लोकांच्या जिवाशी खेळतो. असा दर भरू नका.

कार्यारंभ आदेशानंतर

देयकातून काय कापलं जाणार याचा हिशेब आधी करा. वैयक्तिक मालकीला १ टक्का आणि भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के आयकर, अडीच लाखांवरच्या करारावर जीएसटीची २ टक्के कपात, बांधकाम कामगार उपकर १ टक्का, सुरक्षा ठेव. सरकारी बांधकामावर जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ ऐवजी १८ टक्के झाला आहे. निविदेतली किंमत जीएसटीसह की वगळून, ते पहिल्या पानावरच तपासा.

कामाचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यायचा असतो. खासगी कंपनीची पॉलिसी दाखवली तर हप्त्याची रक्कम देयकातून वळती होते. पन्नास किंवा जास्त कंत्राटी मजूर असतील तर कामगार परवाना, वीसपासून भविष्य निर्वाह निधी. मुरूम, खडी, वाळूच्या प्रत्येक खेपेचा महाखनिज या सरकारी गौण खनिज प्रणालीवरचा वाहतूक पास जपून ठेवा. अंतिम देयकाच्या वेळी स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या साहित्याच्या परिमाणाशी जुळवतात, कमी पडल्या तर फरक तुमच्या पैशातून जातो. क्रशरवाल्याकडून पास रोजच्या रोज घ्या आणि त्यावर त्याच दिवशी कामाचं नाव आणि साखळी क्रमांक (रस्त्यावरचं ठिकाण, चेनेज) लिहा.