क्लब ‘रिलीज’ होणं आणि मनगट ‘फ्लिप’ करणं

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नवख्याच्या कानावर सतत पडणारा शब्द म्हणजे ‘रिलीज’. “धरून ठेवताय सर, क्लब रिलीज करा.” मलाही हेच सांगितलं गेलं. रिलीज म्हणजे सोडून देणं, असा सरळ अर्थ मी लावला आणि पुढचे कित्येक महिने चेंडूजवळ आलो की उजव्या पंजाने क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, डोकं पुढे फेकत राहिलो. चेंडू कधी नुसताच उंच उडून जवळच पडायचा, कधी गवतावरून सरपटत जायचा. मी रिलीज करतच नव्हतो. गोल्फवाले ज्याला फ्लिप किंवा स्कूप म्हणतात, तो प्रकार चालला होता.

घोटाळा होणं स्वाभाविक आहे. दोन्हींत क्लबचं डोकं हातांच्या मागून येतं आणि हातांना ओलांडून पुढे जातं. फटका संपतानाचा फोटो पाहून कोणता कुठला, हे ओळखणं कठीण. फरक आहे तो हे ओलांडणं कुठे होतं यात. आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) चांगल्या फटक्यात चेंडूला क्लब लागतो तेव्हा हात चेंडूच्या थोडे पुढे असतात, शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, लक्ष्याकडे झुकलेला असतो आणि डावं मनगट सपाट किंवा किंचित फुगलेलं असतं. (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) या क्षणी डाव्या मनगटाचं हाड लक्ष्याकडे उठलेलं असावं, असं जुना नामवंत अमेरिकी गोल्फपटू बेन होगन सांगायचा. क्लब हातांना ओलांडतो, पण चेंडू निघून गेल्यावर. फ्लिपमध्ये हे सगळं चेंडूच्या आधीच उरकतं. डाव्या मनगटाच्या पाठीवर खळगा पडतो आणि क्लब खालून वर निघालेला असताना चेंडूला भेटतो.

परिणाम लॉफ्टवर, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या मागे कललेल्या कोनावर होतो. सातच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण 30 ते 34 अंश असतो. शाफ्ट पुढे झुकला की तो प्रत्यक्षात कमी होतो, म्हणून व्यावसायिकाचा सातचा आयर्न इतका लांब जातो. फ्लिप करणारा तोच लॉफ्ट वाढवून ठेवतो आणि सातच्या क्लबने नऊचा फटका मारतो. शिवाय स्विंगच्या कमानीचा तळ चेंडूच्या मागे सरकतो. मग आधी जमीन खणली जाते, नाहीतर क्लबची धार थेट चेंडूच्या पोटावर बसते.

मूळ गैरसमज असा, की रिलीज ही मनगटाने करायची क्रिया आहे. हिशोब बघा. वरून खाली येणारा स्विंग जेमतेम पाव सेकंदाचा. क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ‘आता मनगट वळवू’ असा निर्णय या वेळात बसतच नाही. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब. त्याच्या डोक्याचं वजन साधारण 200 ग्रॅम. ते ताशी 160 किलोमीटरने फिरत असेल, तर ढोबळ हिशोबाने ते हातांना वीस-पंचवीस किलोच्या ओढीने बाहेर खेचत असतं. वरून येताना हात आणि शाफ्ट यांच्यात मनगटापाशी झालेला काटकोन ही ओढच उघडते. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणारा माणूस दोरी ताणून धरायला वेगळा जोर लावतो का? फिरवत राहिलं की दोरी आपोआप ताठ होते. फक्त गोफणीत एक टोक सोडायचं असतं. इथे काहीच सोडायचं नसतं, आणि ‘रिलीज’ या शब्दाने नेमकं तिथेच फसवलेलं असतं.

मग फ्लिप होतो कशामुळे? बहुतेक वेळा छाती फिरायची थांबते म्हणून. शरीर चेंडूपाशी अडलं की हात अडतात आणि क्लब पुढे निघून जातो. इथे एक बारीक गोष्ट आहे. कसलेल्या खेळाडूचे हातही चेंडूच्या जरा आधी मंदावतात आणि तो वेग क्लबच्या डोक्याला मिळतो. पण त्याची छाती आणि कंबर फिरत राहतात, त्यामुळे हात डावीकडे, शरीराभोवती वळत जातात. दुसरं कारण चेंडू ‘उचलायची’ हौस. तो उचलायला क्लबला लॉफ्ट दिलेला असतो, आपण मदत करायची गरज नसते.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. आपल्यातले बरेच जण गोल्फकडे क्रिकेटमधून येतात. लेगला चेंडू वळवताना खालच्या हाताची जी झटक कौतुकाची, तीच इथे नडते. पुण्या-मुंबईच्या रेंजवर चांगले बॅट्समन राहिलेले लोकच जास्त फ्लिप करताना दिसतात, असं आपलं माझं निरीक्षण.

स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) टाळायला मनगटं मुद्दाम गुंडाळणं हा आणखी एक प्रकार. चेंडू स्विंगच्या वाटेने निघतो आणि फेसच्या, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या, दिशेने वळतो, असं पूर्वी शिकवलं जायचं. रडारच्या मोजणीतून उलट दिसलं: चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो आणि फेस व वाट यांतल्या फरकामुळे तो वळतो. मनगट गुंडाळून फेस बंद केला की स्लाइस जातो खरा, पण त्या जागी डावीकडे वळणारा हुक येतो. डावा दंड आणि कोपरापुढचा हात चेंडूनंतर वळतातच, पण किती, हे ग्रिपवर (क्लब धरण्याच्या पद्धतीवर) आणि शैलीवर असतं. अमेरिकी व्यावसायिक डस्टिन जॉन्सनचं डावं मनगट स्विंगच्या वरच्या टोकालाच इतकं फुगलेलं असतं की त्याला गुंडाळावं असं काही लागतच नाही, शरीर फिरलं की झालं.

रेंजच्या मॅटवर फ्लिप लपतो, कारण क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतोच. म्हणून चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवावा आणि अर्ध्या स्विंगने सातचा आयर्न मारावा. टॉवेल उडाला तर तळ मागे पडतोय. गवतावर टाल्कम पावडरची रेघ मारून तिच्यावर चेंडू ठेवावा आणि डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताचा खळगा) रेघेच्या लक्ष्याकडच्या बाजूला पडतो का ते पाहावं. ही परीक्षा ड्रायव्हरला लावू नये. तिथे चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर), डाव्या टाचेच्या रेषेत असतो, आणि चांगल्या फटक्यातही शाफ्ट जवळजवळ उभा असतो. माझा ड्रायव्हरचा व्हिडिओ पाहून “अजून फ्लिप करतोस की” म्हणणारे मित्र अजून आहेत. त्यांना मी सातच्या आयर्नचा दाखवत नाही, कारण टॉवेल अजूनही दहात तीनदा उडतो.