साती आसरा (बेळगाव सीमाभाग)

साती आसरा : पाण्यात वस्ती करणाऱ्या सात लोकदेवता. ‘अप्सरा’चेच हे बोलीतले रूप. महाराष्ट्राप्रमाणेच बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातील मराठी लोकही विहीर, डोह, ओढा येथे त्यांचे ठाणे मानतात. पुराणातल्या अप्सरा इंद्राच्या दरबारी नाचतात. या मात्र भरदुपारी पाणवठ्यावर एकट्यादुकट्याला धरतात, अशी समजूत. बाळंतीण, नवी नवरी आणि पोहायला पळणारी पोरे यांना ‘आसरा लागण्याचे’ भय जास्त. पोरांना खोल पाण्यापासून लांब ठेवायला हे भय चांगलेच कामी येत असणार.

काठावर बहुधा मूर्ती नसतेच. ओळीने मांडलेले सात दगड, त्यांवर शेंदूर, एवढ्यावर भागते. ओटीत खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ, नैवेद्य दहीभाताचा. शेजारी कुठे म्हसोबा असतो, त्याला त्यांचा भाऊ किंवा राखणदार म्हणतात.

धातूत त्या उतरतात त्या देवघरातल्या टाकावर. टाक म्हणजे देवाची उठावदार आकृती असलेला, तळहातावर मावणारा पत्रा. चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतात. ओतीव मूर्तीची रीत वेगळी : मेणाचा आकार मातीने लिंपून भट्टीत तापवतात, मेण निघून गेलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. टाकावर सात बायका खांद्याला खांदा लावून उभ्या, साऱ्या सारख्याच. कोणती कोण, हे ओळखायची सोय नाही आणि भक्ताला त्याची गरजही पडत नाही; पुजायचे ते सातांना मिळून. रोजच्या घासण्यापुसण्याने चेहरे झिजतात, तरी पूजा चालूच राहते.

सात या आकड्यामुळे त्यांना सप्तमातृका, म्हणजे पुराणातल्या सात मातृदेवता, ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे ऐहोळेला जाते. तिथल्या रावणफडी लेण्यात, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या मातृका नाचत्या शिवाच्या सोबतीला आहेत. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा अशी मातृकांची प्रत्येकीची ओळख शास्त्राने ठरवून दिली आहे; शिल्पांत त्यांना वाहने-आयुधेही दिलेली आढळतात. आसरांना ना वाहन, ना शस्त्र, ना पुराण. त्यांची सत्ता पाण्यापुरती. म्हणूनच विहीर खणताना त्यांची आठवण आधी होते, आणि पाणी लागले की पहिली ओटी त्यांची.