स्पष्ट ‘नाही’ सांगणारा कर्नल

सांगलीत विश्रामबागेच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची मुलं क्लाउडचा सराव बहुधा एकाच लॅपटॉपवर करतात. खाली विंडोज, त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आभासी मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उबंटू हे लिनक्स आणि त्या उबंटूत केव्हीएम (लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, आभासी मशिन चालवणारा भाग) वापरून आणखी एक मशिन. आतलं मशिन सुरू करायला गेलं की कधीकधी संदेश येतो, की प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी मशिन चालवायची, सोयच नाही. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) तर ती चालू केलेली असते! प्रोसेसरच्या वतीने हे उत्तर व्हर्च्युअलबॉक्स देत असतं. ते असं का देतं, यामागे बराच इतिहास आहे.

यंत्रात यंत्र चालवणं नवं नाही. आयबीएमची 1972 ची व्हीएम/370 प्रणाली स्वतःच्याच पोटात चालवता येत असे. 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी नियम मांडला: यंत्राच्या नियंत्रणाशी संबंधित प्रत्येक आज्ञा पाहुण्या (आभासी मशिनमधल्या) प्रणालीने दिली, की ती अडवली गेली पाहिजे. एक्स-86, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची रचना, इथेच नापास झाला. त्यातली ‘पॉपएफ’ ही आज्ञा अधिकार नसताना दिली, तर इंटरप्टचा (चालू काम थांबवणाऱ्या इशाऱ्याचा) बिट न बदलता ती गुपचूप पुढे जाते. ना तक्रार, ना अपवाद (चूक झाली हे कळवणारा प्रोसेसरचा इशारा). व्हीएमवेअरने 1999 मध्ये अशा आज्ञा चालता चालता बदलून वाट काढली. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच आधार दिला. फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत केव्हीएम आलं.

पण हा आधार एकाच थरापुरता होता. मालक, कूळ आणि पोटकूळ अशी मांडणी डोळ्यासमोर आणा. पोटकुळाचा मूळ मालकाशी करार नसतो, त्याला कुळाच्या शब्दावर राहावं लागतं. तसंच सर्वात खालचा हायपरवायझर (आभासी मशिन चालवणारं सॉफ्टवेअर) मधल्याला आभासी प्रोसेसर दाखवतो, आणि त्यावर आतलं मशिन उभं राहतं. इंटेलवर हे नीट चालतं हे आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतल्या ‘टर्टल्स’ प्रकल्पाने 2010 मध्ये दाखवलं, आणि 2011 च्या लिनक्स 3.1 मध्ये तो कोड आला.

माझ्या मते खरी कसोटी इथून पुढे. जी सोय कर्नल पाहुण्याला देऊ शकत नाही, ती सीपीयूआयडीत आणि क्षमतेच्या रजिस्टरांत (प्रोसेसर आपल्या सोयींची यादी देतो त्या जागांत) दिसताच कामा नये. तरीही पाहुण्याने ती मागितली, तर ती सोय नसलेला खरा प्रोसेसर जे करेल तेच व्हायला हवं. मधल्या हायपरवायझरने परवानगी नसलेला नियंत्रण-बिट लावला, तर आतल्या मशिनचा प्रवेश फसतो आणि त्रुटी क्रमांक 7 मिळतो. अज्ञात आज्ञेला ‘अवैध आज्ञा’ हा अपवाद.

हे न पाळल्याचं उदाहरण 2014 मधलं आहे. ‘इनव्हीव्हीपीआयडी’ ही आज्ञा प्रोसेसरला येत होती, पण केव्हीएम ती पाहुण्यांना देत नव्हतं. पाहुण्याने ती चालवली की प्रोसेसर नियंत्रण केव्हीएमकडे द्यायचा, आणि तिथे ती हाताळणारं फंक्शनच नव्हतं! हा प्रसंग अनोळखी म्हणून वर ढकलला जायचा आणि अख्खं पाहुणं मशिन कोसळायचं. पाहुण्यातला साधा वापरकर्ताही हे घडवू शकत होता, म्हणून ही सुरक्षेची त्रुटी ठरली. दुरुस्ती चिमुकली होती: एक छोटं फंक्शन, जे पाहुण्याला ‘अवैध आज्ञा’ कळवतं. सोय तेव्हा दिली नाहीच, नकार मात्र नीट दिला.

असे खाचखळगे असल्याने इंटेलवर यंत्रात यंत्र चालवायची सोय लिनक्समध्ये आपोआप चालू व्हायला 2018 अखेरची 4.20 आवृत्ती उजाडावी लागली. व्हर्च्युअलबॉक्सने त्याच वर्षी 6.0 मध्ये एएमडीसाठी आणि 2019 मध्ये 6.1 मध्ये इंटेलसाठी ती दिली. त्याआधीच्या आवृत्तीवर काम करणाऱ्या मुलाला तो संदेश दिसला, तर तो बरोबरच आहे. व्हर्च्युअलबॉक्स ती सोय देऊ शकत नव्हतं, म्हणून त्याने तो बिट दाखवलाच नाही.