मानेची लोंबती त्वचा व तिच्यावरील उपचार

हनुवटीखालची व गळ्यावरची त्वचा सैल पडून ओघळणे, जबडा आणि मान यांमधला कोन पुसट होणे व गळ्यावर उभ्या दोऱ्या दिसू लागणे, ही वयानुसार येणारी अवस्था. इंग्रजीत तिला टर्की पक्ष्याच्या गळ्याची उपमा देतात. बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या झालरीला आपल्याकडे ‘पोळी’ म्हणतात. ती उपमा जास्त चपखल आहे. हा आजार नव्हे, त्यामुळे उपचार केलेच पाहिजेत असे नाही. मात्र फुगवटा थोड्याच दिवसांत आला असेल, एकाच बाजूला असेल, हाताला टणक लागत असेल किंवा गिळताना वर-खाली होत असेल, तर तो सैलपणा नाही. गलगंड, लसिकाग्रंथीची किंवा लाळग्रंथीची गाठ नाही याची खात्री सोनोग्राफीने आधी करून घ्यावी लागते.

‘मान लोंबते’ हे वर्णन आहे, निदान नव्हे. एकाच्या मानेत त्वचा जास्त असते, दुसऱ्याच्या चरबी, तिसऱ्याच्या मानेतला स्नायू सुटलेला असतो आणि चौथ्याची हनुवटीच मुळात मागे असते. या क्षेत्रातली निराशा बहुधा उपचार वाईट असल्यामुळे येत नाही. तो चुकीच्या थरावर झाल्यामुळे येते.

रचना : मानेची त्वचा चेहऱ्याच्या त्वचेपेक्षा पातळ असते आणि तिच्यात तेलग्रंथी व केसांची मुळे कमी असतात. जखम भरताना नवी त्वचा याच मुळांतून वर येते. म्हणून मान चेहऱ्यापेक्षा सावकाश भरते, आणि गालावर सहज चालणारी लेसरची तीव्रता मानेवर वण ठेवू शकते. त्वचेखाली चरबीचा थर आणि त्याखाली प्लॅटिस्मा हा कागदासारखा पातळ, पसरट स्नायू असतो. तो छातीच्या वरच्या भागातून निघून गळपट्टीच्या हाडावरून जबड्याच्या कडेपर्यंत जातो. दोन्ही बाजूंच्या प्लॅटिस्माचे तंतू हनुवटीखाली एकमेकांत किती गुंफतात, हे प्रत्येकात वेगळे असते. कास्त्रो यांनी 1980 मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार सुमारे 75 टक्के लोकांत ते हनुवटीखाली फक्त 1 ते 2 सेंमी. गुंफलेले असतात, 15 टक्क्यांत कंठमण्यापर्यंत, तर 10 टक्क्यांत मुळीच नसतात. गुंफण जितकी कमी, तितक्या या स्नायूच्या आतल्या कडा वयानुसार सुटून पुढे येतात. गळ्यावरच्या उभ्या दोऱ्या म्हणजे या सुटलेल्या कडा. प्लॅटिस्माच्या खालीही चरबीचा एक थर असतो. जबड्याखालच्या लाळग्रंथीही तिथेच असतात. त्या खाली सरकल्या तर दोन्ही बाजूंना सुपारीएवढे फुगवटे दिसतात आणि लोक त्यांना चरबी समजतात.

कंठिकास्थी, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेले नालाकृती हाड, खालच्या पातळीवर असेल, तर बारीक आणि तरुण माणसाच्या मानेचा कोनही बोथट दिसतो. 105 ते 120 अंशांचा कोन आदर्श मानला जातो. ज्याचे हाडच खाली आहे, त्याला हा कोन कोणताही सर्जन पूर्णपणे देऊ शकत नाही.

तपासणी : रुग्णाला ताठ बसवून, मान सरळ ठेवून, समोरून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतात. हनुवटीखालची चरबी चिमटीत धरून रुग्णाला दात दाबून खालचा ओठ खाली ताणायला सांगतात, म्हणजे प्लॅटिस्मा आवळतो. चिमटीतला ऐवज तसाच राहिला तर चरबी स्नायूच्या वर आहे. निसटून आत गेला तर ती खाली आहे, आणि तिथे इंजेक्शन किंवा साधे लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून घेणे, पोचत नाही. दोऱ्या फक्त स्नायू आवळल्यावर दिसतात की स्वस्थ असतानाही, हे पाहतात. त्वचा ओढून सोडल्यावर ती किती चटकन मागे जाते यावरून तिचा ताण कळतो. रुग्णाला आरशासमोर बसवून कानामागची त्वचा दोन बोटांनी हलकेच मागे ओढून दाखवली की शस्त्रक्रियेने साधारण काय मिळेल याचा अंदाज येतो. मशीनच्या जाहिरातीत हेच चित्र दाखवलेले असेल तर सावध व्हावे.

मलमे : त्यांचा उपयोग त्वचेचा पोत सुधारण्यापुरताच. लोंबलेली त्वचा मलमाने वर जात नाही. सनस्क्रीन चेहऱ्यावर लावून हनुवटीशी थांबण्याची सवय सार्वत्रिक आहे. ब्लाउजच्या गळ्यातून उघडा राहणारा भाग काळवंडलेला, सुरकुतलेला आणि हनुवटीच्या सावलीतला भाग मात्र गोरा राहिलेला दिसतो, तो याच सवयीमुळे. ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल मानेवर आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढ्या प्रमाणात सुरू करावे. चेहऱ्यावर रोज सोसणारे प्रमाण मानेवर आग, लाली आणि सालपटे आणते. गरोदरपणात ही औषधे वर्ज्य. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे महिनोन्‌महिने मानेवर चोळली, तर त्वचा आणखी पातळ होते. मानेवरच्या मखमली काळेपणाचा सैलपणाशी संबंध नाही. तो बऱ्याचदा इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची खूण असतो. त्यासाठी मलम नव्हे, रक्तातली साखर तपासावी.

इंजेक्शने : स्नायूच्या दोऱ्यांवर बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू ढिला करणारे औषध, चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या दोऱ्यांसाठी त्याच्या बोटॉक्स या ब्रँडला ऑक्टोबर 2024 मध्ये मान्यता दिली. दोऱ्यांच्या तीव्रतेनुसार एकूण 26, 31 किंवा 36 युनिटे, जबड्याच्या खालच्या कडेने व दोरीच्या लांबीवर थोडी थोडी, अगदी वरवर टोचतात. परिणाम साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. सुई खोल गेली किंवा मात्रा वाढली, तर गिळायला त्रास होतो, आवाज घोगरा होतो किंवा उशीवरून डोके उचलताना मान लुळी वाटते. दोऱ्या कमी आणि त्वचा जास्त अशा मानेत या इंजेक्शनाने पैसे जातात, बाकी काही होत नाही.

प्लॅटिस्माच्या वरची चरबी विरघळवण्यासाठी डीऑक्सिकोलिक आम्ल वापरतात. त्याला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. एकमेकांपासून 1 सेंमी. अंतरावर, दर टोचणीला 0.2 मिलि., एका बैठकीत जास्तीत जास्त 50 टोचण्या म्हणजे 10 मिलि.; बैठका निदान एक महिन्याच्या अंतराने आणि सहापेक्षा जास्त नाहीत. हे आम्ल चरबीच्या पेशींची आवरणे फोडते, त्यामुळे सूज येणे हा अपघात नसून औषधाच्या कामाचाच भाग आहे. आठवडाभर हनुवटीखाली बेडूक फुगल्यासारखे दिसते, बधिरपणा आणखी काही आठवडे राहतो. लग्न दहा दिवसांवर आले असताना हे करू नये. जबड्याच्या कडेला खेटून टोचल्यास खालचा ओठ हलवणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन हसू वाकडे होते. बहुतेकांत ते काही आठवड्यांत सुधारते. त्वचा आधीच सैल असेल तर आतली भर गेल्यावर ती जास्तच लोंबते. ‘फॅट डिझॉल्व्हिंग’ या नावाने मिळणाऱ्या, घटक न छापलेल्या कुप्यांपासून दूर राहावे.

आडव्या रेषांमध्ये पातळ हायल्युरॉनिक आम्ल किंवा बरेच पातळ केलेले कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट भरतात. पातळ त्वचेत ते वरवर पडले की मण्यांची माळ दिसते. हायल्युरॉनिक आम्ल हायल्युरॉनिडेझ या विकराने विरघळवता येते, दुसऱ्याला असा उतारा नाही.

उष्णता देणारी यंत्रे : केंद्रित अल्ट्रासाउंड त्वचेखाली 1.5, 3 व 4.5 मिमी. खोलीवर 60 ते 70 अंश सेल्सियसचे बारीक बिंदू निर्माण करते. कोलॅजेन आकसते आणि पुढचे तीन ते सहा महिने नवे तयार होते. मान व हनुवटीखालच्या भागासाठी अशा यंत्राला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. रेडिओलहरींची यंत्रे त्वचा बाहेरून तापवतात किंवा सुयांच्या टोकांतून आत उष्णता देतात. या सगळ्यांनी सैलपणा सौम्य असलेल्या, चाळिशीच्या आसपासच्या मानेत थोडा ताण येतो. पासष्टीच्या मानेत तो जवळजवळ दिसत नाही. केंद्रित अल्ट्रासाउंडच्या, ‘हायफू’ नावाने पार्लरमध्ये ठेवलेल्या अनेक स्वस्त यंत्रांत आतले थर दाखवणारा पडदाच नसतो. 4.5 मिमी.चे टोक पातळ मानेवर किंवा जबड्याच्या कडेवर चालवले की भाजणे, ओठाचा तात्पुरता अशक्तपणा आणि चरबी जळून पडलेले खळगे हे ठरलेले. चरबी गोठवण्याच्या यंत्राने क्वचित उलटा परिणाम होतो : गोठवलेली चरबी काही महिन्यांनी टणक होऊन वाढते आणि ती लायपोसक्शनने काढावी लागते.

काटेरी दोरे, म्हणजे थ्रेड, त्वचेखालून ओवून कानामागे ओढतात. पीडीओ (पॉलिडायॉक्सॅनोन) जातीचे दोरे साधारण सहा महिन्यांत विरघळतात. मान दिवसभर वळत राहते, त्यामुळे गालाच्या मानाने इथे दोरे लवकर निसटतात. चुण्या पडणे, खळी पडणे, दोऱ्याचे टोक त्वचेतून डोकावणे या तक्रारी नेहमीच्या.

शस्त्रक्रिया : त्वचा चांगली आणि चरबीच जास्त, असा तरुण रुग्ण असेल तर नुसते लायपोसक्शन पुरते. हनुवटीच्या घडीत व कानाच्या पाळ्यांमागे छोटे छेद घेऊन, ॲड्रेनलिनमिश्रित भुलीचे द्रावण भरून 10 ते 15 मिनिटे थांबतात. रक्तवाहिन्या आकसल्याने रक्तस्राव कमी होतो. ही पंधरा मिनिटे घाईत गिळली की पुढचे पंधरा दिवस मान काळीनिळी राहते. मग 2 ते 4 मिमी.च्या नळीने चरबी ओढतात. नळीचे भोक कायम त्वचेच्या विरुद्ध बाजूला ठेवायचे आणि त्वचेला चिकटून 3 ते 5 मिमी. जाडीचा थर सोडायचा. तो खरवडला की त्वचा थेट स्नायूला चिकटते आणि मान वळवली की ओढल्यासारखी दिसते.

स्नायूच्या दुरुस्तीसाठी हनुवटीच्या घडीच्या किंचित मागे सुमारे 3 सेंमी.चा आडवा छेद घेतात. छेद अगदी घडीत घेतला तर ती आणखी खोल होते. त्वचा उचलून प्लॅटिस्माच्या आतल्या कडा शोधतात आणि हनुवटीपासून कंठमण्यापर्यंत मधोमध शिवतात. फेल्डमन यांनी 1990 मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत ही शिवण वर-खाली अनेक फेऱ्यांची असते, म्हणून तिला कॉर्सेट म्हणतात. दोऱ्या पुन्हा ताठ होऊ नयेत म्हणून काही सर्जन खालच्या टोकाला स्नायू आडवा थोडा कापतात. स्नायूखालची चरबी मोजूनमापून काढावी लागते. मधली चरबी जास्त गेली आणि स्नायू नीट शिवला नाही, तर मध्ये खळगा व दोन्ही बाजूंना दोऱ्या उभ्या राहतात. हिला ‘नागाच्या फण्याची मान’ म्हणतात, आणि ती दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड. लाळग्रंथीचा काही भाग कापण्याबाबत सर्जनांत एकमत नाही. कारण आतून रक्तस्राव झाला तर तो थेट श्वासनलिकेवर दाब आणतो.

त्वचाच जास्त असेल तर छेद कानाच्या पाळीभोवती, कानामागच्या घडीत आणि तिथून केसांत नेतात. त्वचेखालचा आवरणपटल व प्लॅटिस्माची बाहेरची कड मागे-वर ओढून कानामागच्या घट्ट पटलाला टाचतात आणि उरलेली त्वचा ताण न देता कापतात. वजन स्नायूच्या थराने पेलायचे, त्वचेने नाही. स्कूग यांनी 1974 मध्ये त्वचा व खालचा थर एकत्र उचलला. मिट्झ व पेरोनी यांनी 1976 मध्ये चेहऱ्याच्या आवरणपटलाचे वर्णन केले. तोवर नुसती त्वचा ओढली जाई आणि ती लवकरच पुन्हा सुटे. आजही पाळी खाली खेचली जाणे, वण रुंदावणे, कानामागे केसांची रेषा पायरीसारखी तुटणे, हे सगळे त्वचेवर ताण टाकल्याचे पुरावे आहेत. जबड्यावरचे लोंबते गाल तसेच ठेवून फक्त मान ताणली तर सांधा दिसतो, म्हणून पन्नाशीनंतर मान व चेहऱ्याचा खालचा भाग बहुधा एकत्रच करतात. हनुवटी मागे असेल तर तिथे इम्प्लांट बसवणे किंवा हाड पुढे सरकवणे हा कधी कधी मानेवरचा सर्वांत परिणामकारक उपचार ठरतो.

आधी आणि नंतर : धूम्रपान, तंबाखू व मिश्री निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद हवी, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसून कानामागची उचललेली त्वचा काळी पडून मरते. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया ‘व्यसन नाही’ असे सांगतात, म्हणून तिचे नाव घेऊनच विचारावे लागते. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, हळदीच्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवतात. स्वयंपाकातल्या हळदीची चिंता नको. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करायचे नाही. वजन सहा महिने स्थिर असावे.

सर्वांत धोक्याची गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणे. ते बहुतेक पहिल्या 24 तासांत होते, वाढलेल्या रक्तदाबाने, उलटीने किंवा खोकल्याने होते, आणि दाढीच्या भागाला रक्तपुरवठा जास्त असल्याने पुरुषांत अधिक आढळते. सूज दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती अपेक्षित आहे. एकाच बाजूला वाढते दुखणे, ताठरपणा किंवा श्वासाला अडथळा आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. गरज पडल्यास खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळे करावे लागते. त्वचेखाली ठेवलेली ड्रेनची नळी पाणी-लस काढते, रक्त साकळणे टाळत नाही. ती एक-दोन दिवसांत काढतात. डोके 30 अंश वर हवे, पण जाड उशी नको. उशीने हनुवटी छातीकडे दुमडते आणि मानेच्या कोनातला रक्तप्रवाह अडतो. मानेला बांधलेला पट्टा बोट सहज आत जाईल इतकाच घट्ट असावा. पुढच्या बाजूचे टाके 5 ते 7 दिवसांत, केसांतले 10 ते 14 दिवसांत निघतात. जड व्यायाम महिनाभर बंद. या शस्त्रक्रियेत सर्वाधिक वेळा दुखावणारी नस कानाच्या पाळीला संवेदना देणारी. पाळी काही महिने बधिर राहते, आणि कुडी घालताना टोचले तरी कळत नाही. छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्यावर ज्यांना केलॉइडच्या, म्हणजे वण वाढून झालेल्या, गाठी आल्या आहेत, त्यांनी हे सर्जनला आधी सांगावे. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर लेसर किंवा पीलनंतर डाग काळे पडण्याचा धोका अधिक, म्हणून मात्रा कमी ठेवून आधी छोट्या जागी चाचणी घेतात.

वृद्ध पुरुषांसाठी एक जुना, सोपा पर्याय आहे : गळ्यावरच्या लोंबत्या त्वचेचा उभा तुकडा थेट समोरून कापायचा आणि वण नागमोडी शिवायचा. सरळ उभा वण आकसून नवी दोरी तयार होते, म्हणून नागमोडी. वेळ कमी लागतो, अनेकदा स्थानिक भुलीतच होते आणि कानामागे काहीच उचलावे लागत नाही. वण समोर राहतो. तो दाढीच्या खुंटात बराचसा लपतो, आणि सदऱ्याची वरची गुंडी घट्ट बसत नाही म्हणून आलेल्या सत्तरीच्या गृहस्थांची त्याला सहसा हरकत नसते.