व्यायाम किती, विसावा किती?

गेरेनस हा इजिप्तमधल्या नौक्रॅटिस या ग्रीक शहराचा कुस्तीगीर. ऑलिंपियाला जिंकला, मग मित्रांबरोबर भरपेट जेवणे, मद्यपान, जागरण असे सगळे झाले. दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत येऊन त्याने प्रशिक्षकाला सांगितले की पोट बिघडले आहे, अंगात त्राण नाही. प्रशिक्षक चिडला. ठरलेल्या चार दिवसांच्या चक्रात खंड पडू द्यायला तो तयार नव्हता. त्याने गेरेनसला सरावाला लावले आणि सराव करता करताच गेरेनस गेला. तिसऱ्या शतकात व्यायामकलेवर लिहिणाऱ्या फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाने ही हकीकत नोंदवली आहे. मृत्यूचा दोष त्याने सरळ प्रशिक्षकाच्या अज्ञानाला दिला आहे.

ते चक्र स्वतःहून वाईट नव्हते. पहिल्या दिवशी अंग तयार करायचे, दुसऱ्या दिवशी जीव तोडून सराव, तिसऱ्या दिवशी अंग सैल सोडायचे, चौथ्या दिवशी मध्यम मेहनत. जड दिवसामागे हलका दिवस, ही आजच्या कोणत्याही चांगल्या वेळापत्रकातली गोष्ट त्यात होती. चुकले ते एवढेच की समोरचा माणूस आज कसा आहे, हे कोणी पाहिले नाही. व्यायामाचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. मेहनत करावी, हे माणसाला फार लवकर कळले. किती करावी आणि थांबावे कधी, हे कळायला मात्र शतके गेली.

याच ग्रीकांनी मिलोची दंतकथा सांगितली. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला क्रोटनचा हा मल्ल रोज एक वासरू उचलायचा. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकद वाढली आणि शेवटी तो पूर्ण वाढलेला बैल पेलू लागला. वजन हळूहळू वाढवायचे, हे तत्त्व शिकवायला प्रशिक्षक आजही ही गोष्ट सांगतात. पण वासरू थांबत नाही, शरीर थांबते. काही महिन्यांनी प्रत्येकाची वाढ अडते, आणि अडल्यावर काय करायचे याबद्दल दंतकथा गप्प आहे.

सुश्रुतसंहितेने ‘किती’चे उत्तर नेमके दिले आहे: आपल्या बळाच्या अर्ध्याने व्यायाम करावा, त्यापलीकडचा घातक. आता अर्धे बळ ओळखायचे कसे? व्यायाम करताना वारा तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे दम लागून तोंडाने श्वास सुरू झाला, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, असेही तिथे म्हटले आहे. यंत्र नाही, घड्याळ नाही, प्रत्येकाच्या जवळ असलेले एकच माप वापरले: स्वतःचा श्वास. बोलता येईल इतक्याच वेगाने पळा, असे आज सांगितले जाते तेव्हा तेच माप वापरले जात असते.

दुसऱ्या शतकातला गेलेन तरुणपणी पर्गामम शहरात ग्लॅडिएटरांचा, म्हणजे रोमन आखाड्यात लढणाऱ्यांचा, वैद्य होता. जखमी, अतिश्रमाने मोडलेली शरीरे त्याने जवळून पाहिली होती. स्पर्धेपुरते फुगवलेले शरीर आणि निरोगी शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याने व्यावसायिक मल्लांवर कठोर टीका करताना लिहिले. पुढची अनेक शतके या विचारात फार भर पडली नाही.

भर पडली ती भीतीची. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात श्रमाने हृदय थकते ही समजूत डॉक्टरांपासून क्रीडासंघटकांपर्यंत सर्वत्र होती. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. लीना राडके हिने ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. वर्तमानपत्रांनी मात्र दमलेल्या, खाली बसलेल्या धावपटूंचीच वर्णने रंगवली. परिणाम असा की ही शर्यत काढून टाकली गेली आणि थेट १९६०मध्ये परत आली. बत्तीस वर्षे गेली, तीही शरीराच्या मर्यादेमुळे नव्हे. मनोवृत्तीबद्दल बोलताना आपण नेहमी खेळाडूच्या मनाकडे पाहतो. पाहणाऱ्यांचे मन तितकेच, किंबहुना जास्त, आडवे येते, असे मला ही शर्यत सांगते.

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचे हाल तर त्याहून वाईट होते. त्याला चार ते सहा आठवडे अंथरुणात सक्तीने पडून राहावे लागे. १९५२मध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या बॉस्टनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. केवळ खुर्चीत बसवणे! तरीही तेव्हा ते धाडस होते, आणि सुरुवातीला सहकाऱ्यांचा विरोधही झाला.

पडून राहण्याची किंमत किती, हे १९६६मध्ये डॅलसला मोजले गेले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणात ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. मग दोन महिन्यांचा कसून सराव झाला आणि ती पूर्वीपेक्षाही वर गेली. खरी मौल्यवान गोष्ट पुढे घडली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. पन्नाशीला आलेल्या त्या माणसांच्या क्षमतेत तीन दशकांत झालेली घट ही विशीतल्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती. सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या सरावाने वयाने नेलेली क्षमता त्यांनी भरून काढली. पाच माणसांवरून सगळ्या मानवजातीबद्दल बोलू नये, हे खरे. पण तीच माणसे, तीच मोजमापे आणि मध्ये तीस वर्षे, असा पुरावा या विषयात फार क्वचित हाती लागतो.

त्याआधीच लंडनमध्ये जेरी मॉरिस हे संशोधक दुमजली बसकडे पाहत होते. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघे एकाच व्यवस्थेतले, सारख्याच सामाजिक थरातले. १९५३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३१ हजार पुरुष वाहतूक कर्मचारी होते. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, झालाच तर उशिरा, आणि झाल्यावर मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. मॉरिस यांच्याबद्दलचा माझा आदर मात्र त्यांच्या पुढच्या कामामुळे आहे. कदाचित मुळात सडपातळ माणसेच कंडक्टर होत असतील, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली. त्यासाठी त्यांनी गणवेशाच्या विजारींच्या कमरेची मापे काढली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयापासून. १९५६मध्ये त्यांनी हेही छापले. आपल्याच निष्कर्षाला छेद देऊ शकणारी गोष्ट स्वतः शोधून मांडणारा माणूस म्हणून मला ते मोठे वाटतात. नंतर बैठी कामे करणाऱ्या सरकारी नोकरांच्या फावल्या वेळातल्या व्यायामाचा अभ्यास करून त्यांनी मुद्दा पुन्हा तपासला. जोरकस व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी, हेच तिथेही दिसले. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

ताकदीच्या सरावाची कहाणी लष्करी रुग्णालयात सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जखमी सैनिकांनी खाटा भरल्या होत्या. दुखावलेल्या गुडघ्याला हलकी वजने पुष्कळ वेळा उचलायला लावायची, अशी तेव्हाची रीत होती आणि सुधारणा फार सावकाश होई. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि नंतर त्याने वजने उचलून स्वतःला घडवले होते. त्याने सैनिकांना जड वजने दिली, आणि ती क्रमाने वाढवली. १९४५मध्ये त्याने पद्धत मांडली तेव्हा दहा-दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट, म्हणजे फेऱ्या, होते. तीन वर्षांनी आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्याने ती सुधारली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचे. पहिला सेट त्याच्या निम्म्याचा, दुसरा पाऊण वजनाचा, तिसरा पूर्ण. फक्त तीन सेट. आज व्यायामशाळेत ‘दहाचे तीन सेट’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी डीलॉर्मच्या पद्धतीचा अंश असतो. त्याने स्वतःच मांडलेली मेहनत स्वतःच तिसऱ्या हिश्श्यावर आणली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

विश्रांतीला सिद्धांताची जागा मिळाली ती थोडी आडवळणाने. १९३६मध्ये हान्स सेली यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून एक छोटी टिपणी प्रसिद्ध केली. शरीरावर कोणताही आघात झाला की आधी खळबळ, मग प्रतिकार, आणि आघात चालूच राहिला तर शेवटी पूर्ण थकवा. सेली यांनी हे खेळाडूंसाठी लिहिले नव्हते, पण प्रशिक्षकांनी ते उचलले. सोव्हिएत रशियात निकोलाय याकोव्हलेव्ह यांनी सरावानंतर शरीर झीज भरून काढताना आधीच्या पातळीच्या थोडे वर जाते, ही कल्पना मांडली, आणि १९६०च्या दशकात लेव मात्वेयेव यांनी वर्षभराच्या सरावाचे टप्पे पाडले. खरे शरीर आलेखातल्या रेषेसारखे शिस्तीत वरखाली होत नाही. तरी एक मोठी गोष्ट या मंडळींनी रुजवली: विसावा हा सरावाचाच भाग आहे, सरावातून चोरलेला वेळ नाही.

झोपेबद्दल ठोस माहिती त्यानंतर आली. शरीर दुरुस्त करण्यात भाग घेणाऱ्या वाढ-संप्रेरकाचा मोठा स्राव झोपेच्या सुरुवातीच्या गाढ टप्प्यात होतो, हे १९६८मध्ये दाखवले गेले. २०११मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी सुधारली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. गेरेनसच्या प्रशिक्षकाला मात्र एवढेही पुरले असते.

विश्रांतीच्या नावाखाली चुकाही झाल्या. १९७८मध्ये गेब मर्किन या डॉक्टरांनी दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे हे सूत्र लोकप्रिय केले. जगभर ते पाठ झाले. पुढे २०१४च्या सुमारास मर्किन यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरे होणे लांबू शकते, कारण सूज हा दुरुस्तीचाच एक भाग असतो. आपले सूत्र मागे घ्यायला धैर्य लागते. त्यांनी ते दाखवले, पण लोक अजून जुनेच सूत्र म्हणतात.

मनाच्या बाजूने मला सर्वांत मोलाचे वाटते ते स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचे काम. १९६०च्या दशकात त्यांनी श्रम कितपत जाणवतात हे माणसालाच विचारायचे ठरवले आणि त्यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी केली. आकडे मुद्दाम असे घेतले की दहाने गुणल्यावर निरोगी तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या जवळ यावे. जाणीव म्हणजे लहर नाही, ती माहिती आहे, हे या साध्या पट्टीने प्रयोगशाळेत मान्य करायला लावले. वाढत्या वयाकडे माणूस कसे पाहतो याचाही अभ्यास झाला. २००२मध्ये बेक्का लेव्ही आणि सहकाऱ्यांनी ओहायोतील पन्नाशीपुढच्या ६६० जणांची आकडेवारी मांडली. आपल्या म्हातारपणाबद्दल चांगली धारणा असलेले लोक सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले होते. नुसते मन घट्ट करून आयुष्य वाढते, असा याचा अर्थ मी लावणार नाही. पण ज्याला पुढे काहीच उरलेले नाही असे वाटते, तो चालायला तरी कशाला बाहेर पडेल?

रॉबेर मार्शां या फ्रेंच सायकलपटूने २०१२मध्ये, वयाच्या शंभरीत, तासाभरात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. त्यानंतर शरीरशास्त्रज्ञ व्हेरोनिक बिया यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सरावाची मांडणी बदलली. ८० टक्के सायकलिंग हलके, बोर्ग पट्टीवर १२पर्यंत, आणि २० टक्के जोराचे, १५ किंवा त्याहून वर. १०२व्या वर्षी त्यांनी तासात २६.९२७ किलोमीटर गाठले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता (मिनिटाला, दर किलो वजनामागे) ३१ मिलिलिटरवरून ३५वर गेली होती.

मार्शां विरळा, असे म्हणून हे बाजूला सारता येईल. मारिया फियातारोने यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तसा सारता येत नाही. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या निवासी संस्थेतले दहा अशक्त रहिवासी, सरासरी वय ९०. त्यांना आठवडे मोजून आठ, पायांसाठी जड वजनांचा सराव दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायू ९ टक्क्यांनी भरले, दोघांची काठी सुटली. मग सराव थांबला आणि ते पूर्वीच्या बैठ्या दिनक्रमात परतले. चार आठवड्यांनी ताकद पुन्हा मोजली, तेव्हा ती ३२ टक्क्यांनी उतरलेली होती.