नाव हरवलेले जुने गुलाब: ओळख पटवण्यामागचा इतिहास

जुन्या घरासोबत ताब्यात येणाऱ्या गुलाबाच्या झाडाला सहसा पाटी नसते. ते कोणी लावले आणि कोठून आणले हे सांगणारे माणूस उरलेले नसते, फूल मात्र दरवर्षी येत राहते. अशा झाडाचे नाव फुलाचे छायाचित्र पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवून क्वचितच सापडते. गुलाबांची नावे ज्या रीतीने ठेवली गेली, गळाली आणि पुढे पुन्हा चिकटवली गेली, त्या दोनशे वर्षांच्या व्यवहारातच ही अडचण निर्माण झालेली आहे. हा व्यवहार समजला म्हणून नाव हाती लागेलच असे नाही. झाडाचा वर्ग आणि साधारण काळ मात्र बऱ्याच खात्रीने ठरवता येतो आणि माझ्या मते शोधाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

बागेतले गुलाबाचे वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत. ते छाट लावून, मुळातून निघालेला फुटवा वेगळा करून किंवा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून वाढवावे लागतात. याचा अर्थ असा की 1830 मध्ये एखाद्या रोपवाटिकेत उगवलेले एकच रोप आज हजार बागांमध्ये जिवंत असू शकते आणि आपल्या अंगणातले झाड त्याचाच एक तुकडा असू शकते. छाट शेजाऱ्याला दिली जाते, लेकीसोबत सासरी जाते, स्थलांतर करणाऱ्यांच्या सामानातून समुद्रापार जाते. पण तिच्यासोबत नाव जाईलच असे नसते. दोन-तीन हातांतून फिरल्यावर ‘आजीचा गुलाब’ एवढीच ओळख शिल्लक राहते.

जुना गुलाब कोणाला म्हणायचे याची एक ठरलेली रेषा आहे. अमेरिकन रोझ सोसायटीने 1966 मध्ये असे ठरवले की जे वर्ग 1867 पूर्वी अस्तित्वात होते, ते जुने उद्यानगुलाब. ते वर्ष निवडण्याचे कारण म्हणजे फ्रान्समधल्या लिओं शहराच्या ज्याँ-बाप्तिस्त गियो यांचा ‘ला फ्रान्स’ हा वाण, जो पहिला हायब्रिड टी, म्हणजे आधुनिक गुलाबांच्या मुख्य वर्गातला पहिला वाण, मानला जातो. येथे एक गोष्ट सहज निसटते: ही रेषा वर्गाला लागू होते, एकेका वाणाला नाही. त्यामुळे बूर्बाँ या 1867 पूर्वीच्या वर्गातला, पण 1890 मध्ये निघालेला गुलाबही जुनाच ठरतो. शिवाय ज्या ‘ला फ्रान्स’वरून ही रेषा आखली, त्याचे स्वतःचे आईबापसुद्धा तर्कानेच सांगितले जातात.

या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आणखी एक अधिक महत्त्वाची सीमा आहे आणि ती अठराव्या शतकाच्या अखेरीस येते. तोपर्यंत युरोपातल्या बागांमध्ये गॅलिका, डमास्क, आल्बा, सेंटिफोलिया आणि सेंटिफोलियातून निघालेले मॉस हे वर्ग होते. ऑटम डमास्कसारखा अपवाद सोडला, तर हे सगळे वर्षातून एकदाच, काही आठवडे फुलणारे. नंतर चीनमध्ये शेकडो वर्षे जोपासलेले बागेतले गुलाब आले: 1792 च्या सुमारास ‘स्लेटर्स क्रिमझन चायना’, 1793 मध्ये ‘पार्सन्स पिंक चायना’ म्हणजेच ‘ओल्ड ब्लश’, 1809 मध्ये ‘ह्यूम्स ब्लश’ आणि 1824 मध्ये ‘पार्क्स यलो’. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ सी. सी. हर्स्ट यांनी 1941 मध्ये या चौघांना आधुनिक गुलाबांचे मूळ जनक ठरवले. इतिहास इतका नेटका नसावा, कारण चीनमधून आणखीही गुलाब येत होते. तरीही पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण, गडद किरमिजी रंग आणि गुळगुळीत, तकतकीत पान हा वारसा तेथूनच आला, यात शंका नाही.

अनोळखी झाडाकडे पाहताना ही सीमा प्रत्यक्ष उपयोगी पडते. जुन्या युरोपीय गुलाबांचा रंग फूल जुने होत जाते तसा फिका पडतो. चिनी गुलाबांच्या पाकळ्या उन्हात उलट अधिक गडद होतात. युरोपीय पानाला बहुधा पाच ते सात पर्णिका (एका पानातली छोटी पाने) असतात आणि त्या निस्तेज, खरखरीत असतात, तर चिनी पानाला बऱ्याचदा तीन ते पाच, टोकदार आणि चकचकीत. गॅलिकाच्या फांदीवर काट्यांबरोबर बारीक कडक केस दाटलेले दिसतात, आल्बाचे पान राखट हिरवे असते आणि मॉस गुलाबाच्या कळीवरच्या ग्रंथी बोटाने चोळल्या की राळेसारखा वास येतो. फुलाच्या मध्यभागी कुक्षिवृंत (स्त्रीकेसरांचे बारीक दांडे) एकमेकांना चिकटून खांबासारखे वर आले असतील, तर कस्तुरी गुलाब किंवा मल्टिफ्लोरा या रानटी जाती यांचे रक्त असण्याची शक्यता मोठी असते. निदले, म्हणजे कळीला झाकणारी हिरवी दले, पाहण्याची सवय तर मध्ययुगापासूनची आहे. पाच भावांपैकी दोघांना दाढी, दोघांना नाही आणि पाचव्याला एकाच गालावर, असे गुलाबाच्या निदलांवरचे एक जुने लॅटिन कोडे आहे. ज्यांच्या निदलांच्या कडांना अशी पिसासारखी झालर असते, त्या श्वानगुलाबासारख्या युरोपीय गुलाबांना ते अचूक लागू पडते. चिनी गुलाबांची निदले बहुधा साध्या कडांची असतात.

या दोन घराण्यांचे संकर जेथे-जेथे झाले, तेथे नवे वर्ग जन्मले. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, ज्याचे तेव्हाचे नाव बूर्बाँ होते, कुंपणाला लावलेल्या ‘ओल्ड ब्लश’ आणि ऑटम डमास्क यांच्यातून एक रोप आपोआप उगवले आणि 1820 च्या आगेमागे त्याच्या संततीपासून फ्रान्समध्ये बूर्बाँ वर्ग उभा राहिला. अमेरिकेतल्या चार्ल्सटन येथे जॉन चॅम्पनीज यांच्या बागेत कस्तुरी गुलाब आणि ‘ओल्ड ब्लश’ यांच्यापासून नॉइझेट वर्गाचा उगम झाला. पुढे हे सगळे एकमेकांत मिसळून हायब्रिड पर्पेच्युअल हा अवाढव्य वर्ग तयार झाला, ज्यात एकोणिसाव्या शतकात हजारो वाण बाजारात आले. ओळख पटवणाऱ्याची खरी दमछाक याच वर्गात होते.

याची कारणे त्या काळच्या धंद्यात आहेत. हेन्री बेनेट यांनी 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये ठरवून, हाताने परागीकरण करून जनकांची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला; त्याआधी बहुतेक रोपवाटिकाचालक झाडावर आपसूक धरलेल्या फळांचे बी पेरत आणि त्यातून बरे दिसलेले रोप नाव देऊन विकत. त्यामुळे वंशावळ नाही. किंमतपत्रकातले वर्णन ‘तेजस्वी गुलाबी, मोठे, भरगच्च’ अशा चार शब्दांत आटोपत असे आणि असे वर्णन शंभर वाणांना लागू पडते. पिएर-जोझेफ रेदूते यांची 1817 ते 1824 या काळातली गुलाबचित्रे अप्रतिम आहेत, पण ती हजारो नव्या वाणांच्या या लाटेच्या आधीची. शिवाय एकच वाण दोन रोपवाटिकांनी दोन नावांनी विकावा आणि एकच नाव दोन वेगळ्या वाणांना मिळावे, हे सर्रास होत असे. नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे आली ती 1955 मध्ये, म्हणजे गोंधळ होऊन गेल्यावर.

दरम्यान बाजाराची आवड बदलली. हायब्रिड टीच्या टोकदार कळ्या आणि सतत येणारी फुले यांपुढे जुने वाण यादीतून गळाले आणि घरांच्या मागच्या परसात, कबरस्तानांत, ओसाड वाड्यांत तेवढे उरले. फ्रान्समध्ये ज्यूल ग्राव्हरो यांनी लाय येथे आणि जर्मनीत 1903 मध्ये उघडलेल्या सांगरहाउसेनच्या उद्यानाने हे वाण जमवले नसते, तर आज तुलनेसाठी काही उरलेच नसते. सांगरहाउसेनमध्ये आज 8,000 हून अधिक प्रकार आहेत.

विसाव्या शतकाने कालनिश्चितीची आणखी दोन साधने दिली. फ्रेंच गुलाबपैदासकार पेर्ने-द्युशे यांनी 1900 मध्ये आणलेल्या ‘सोलेय दॉर’पूर्वी पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या झुडपात गडद पिवळा रंग नव्हता, टी (चिनी गुलाबांपासून निघालेला एक वर्ग) आणि नॉइझेट या वर्गांत होता तो फिका, मलईसारखा. भगभगीत शेंदरी रंग तर त्याहून उशिरा, 1930 च्या सुमारास आला. उलट फुलाचा आकार मात्र पुरावा म्हणून कुचकामी ठरला आहे, कारण इंग्लंडचे गुलाबपैदासकार डेव्हिड ऑस्टिन यांनी 1961 मध्ये ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ आणल्यापासून जुन्या धाटणीची, पाकळ्यांनी गच्च भरलेली फुले देणारे नवे वाण मुद्दाम तयार होत आले आहेत. ‘दिसतो जुना’ म्हणून जुना, हा तर्क तेव्हापासून चालत नाही.

या सगळ्या चिकित्सेआधी एक रुक्ष शक्यता तपासावी लागते. डोळा भरलेला वाण थंडीने किंवा दुर्लक्षाने मरतो आणि खालचा खुंट फुटून झाड बनतो; मालक ज्याला दुर्मीळ गुलाब समजतो तो पुष्कळदा हा खुंटच असतो. अमेरिकेत जुन्या घरांपाशी वसंतात एकदाच येणारी, गडद लाल, विरळ पाकळ्यांची फुले दिसली, तर ती बहुधा ‘डॉ. ह्यूई’ची असतात. कॅप्टन जॉर्ज थॉमस यांचा हा वेलगुलाब 1920 मध्ये बागेसाठी विक्रीला आला आणि पुढे लक्षावधी रोपांचा खुंट बनला. इतरत्र हेच काम मल्टिफ्लोरा, ‘मानेत्ती’ किंवा भारतात ‘एडवर्ड’ यांनी केले आहे. मल्टिफ्लोरा ओळखणे सोपे असते, कारण देठाच्या तळाशी असलेल्या त्याच्या उपपर्णांना केसाळ झालर असते.

जुन्या गुलाबांकडे लक्ष परत वळले तेव्हा नव्या चुकाही झाल्या. इंग्रज लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांना 1930 मध्ये घेतलेल्या इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टच्या पडक्या आवारात गडद जांभळट गॅलिका सापडला. खरे नाव निश्चित न झाल्याने तो 1947 मध्ये ‘सिसिंगहर्स्ट कॅसल’ म्हणून बाजारात आला, आणि हा प्रामाणिक मार्ग होता. इतरांनी घाई केली. ‘सॉम्ब्राय’ या 1850 च्या टी गुलाबाच्या नावाने अनेक दशके जो वेल विकला गेला, तो 1959 चा ‘कलोनियल व्हाइट’ असल्याचे अखेर मान्य झाले. ‘जाक कार्तिए’ आणि ‘मार्केझा बोचेल्ला’ या नावांनी दोन खंडांत वाढवला जाणारा गुलाब एकच आहे. अशी चुकीची पाटी लागली की पुढची प्रत्येक छाट ती सोबत घेऊन जाते आणि पुस्तकातल्या छायाचित्राखालीही तेच नाव छापले जाते. मग आपले झाड त्या छायाचित्राशी जुळले, तरी सिद्ध काय झाले?

या अनुभवातून शोधनाम देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत 1975 मध्ये स्थापन झालेला हेरिटेज रोझेस ग्रूप, 1980 च्या दशकात टेक्सासमध्ये जुन्या घरांपाशी आणि कबरस्तानांत छाटी गोळा करत फिरणारे हौशी लोक, आणि त्यांच्या आधीपासून बर्म्युडामधले गुलाबप्रेमी यांनी सापडलेल्या झाडाला जागेचे किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव दिले आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले, तर खात्रीचे वाणनाव एकेरी चिन्हांत. बर्म्युडाचा “बेलफील्ड” हा बहुधा ‘स्लेटर्स क्रिमझन चायना’ असावा असे अनेक जाणकार मानतात, “स्पाइस” हा ‘ह्यूम्स ब्लश’ असल्याचा अंदाज आहे. तरीही दुहेरी चिन्हे कायम आहेत, आणि ती तशीच राहावीत.

डीएनए तपासणीने हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा अनेकांना असते. डमास्क गुलाब हा गॅलिका, कस्तुरी आणि फेड्चेन्कोआना या तीन जातींपासून झाल्याचे जपानी संशोधकांनी 2000 मध्ये याच मार्गाने दाखवले आणि 2018 मध्ये ‘ओल्ड ब्लश’चा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. पण नाव शोधणाऱ्याला ही तपासणी दोन झाडे एकच आहेत का, एवढेच सांगते. ज्याच्याशी तुलना केली त्या संग्रहातल्या झाडाची पाटी बरोबर आहे का, हे ती सांगू शकत नाही. एखाद्या फांदीवर आपोआप बदल होऊन निघालेला वाणही नेहमीच्या चाचण्यांत मूळ वाणापासून वेगळा दिसत नाही. औषधी गॅलिका आणि त्याच्यातूनच निघालेला पट्टेदार ‘रोझा मुंडी’ हे नजरेला अगदी निराळे, पण अशा चाचणीत बहुधा एकच. म्हणून प्रयोगशाळेकडे पान पाठवण्याआधी वर्षभरातल्या कळ्या, निदले, उपपर्णे, काटे आणि फळे यांची छायाचित्रे, पहिल्या व शेवटच्या बहराच्या तारखा, घर कधी बांधले आणि बाग कोणी लावली याची मिळेल तेवढी नोंद, आणि झाड खुंटावर आहे की स्वतःच्या मुळांवर याची खात्री, एवढे जवळ असणे आवश्यक ठरते.